पहिल्या दहांत नसलेले प्रश्न



मध्यंतरी आम्हा कार्यकर्त्यांच्या बैठकीत पुढच्या वर्षाच्या मोहिमेचा विषय ठरवायचा होता. एका तरुण मैत्रिणीने सुचवले, ‘लोक इंटरनेटवर दर आठवड्याला सर्वात जास्त काय शोधतात याची यादी मिळते. तीच समोर ठेवू या. लोकांच्या मनात जे आहे त्यावर बोललो तरच लोक ऐकतील.’ बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. मी विरोध केला, पण जेवणाची वेळ झाली होती आणि माझे म्हणणे अर्धेच राहिले. ते इथे पुरते मांडते. कारण ही यादी आता वर्तमानपत्रे छापतात, वाहिन्या वाचून दाखवतात आणि हळूहळू आपल्या संघटनाही तिच्याकडे ‘जनमत’ म्हणून पाहू लागल्या आहेत.

यादी म्हणजे जनमत नव्हे. आणि ती स्त्रियांचे मत तर मुळीच नव्हे.

आधी ही यादी बनते कशी ते पाहू. गूगल वर्षाच्या शेवटी जी यादी काढते, ती सर्वात जास्त वेळा शोधलेल्या शब्दांची नसते. आधीच्या वर्षापेक्षा ज्या शब्दांच्या शोधात एकदम उसळी आली, त्यांची ती यादी असते. रोजच्या याद्यांचेही गणित असेच, अचानक वाढलेले काय तेवढेच वर येते. त्यांच्या आलेखावर शून्य ते शंभर असे आकडे दिसतात, पण ती माणसांची संख्या नसते, फक्त तुलना असते. फार थोड्यांनी विचारलेला प्रश्न तिथे दिसतच नाही. विचारणारी बाई होती की पुरुष, हेही तिथे कळत नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घेऊ या. क्रिकेटचा सामना एका दिवसाचा असतो, म्हणून त्याची उसळी येते. नवऱ्याची मारहाण सोमवारी असते, मंगळवारी असते, गेल्या वर्षी होती आणि यंदाही आहे. तिची उसळी कशी येणार? जे दुःख रोजचे आहे ते या मोजपट्टीवर सपाट रेघ होऊन बसते. बाईचे जगणे बहुतांशी अशा सपाट रेघेचेच आहे.

दुसरा मुद्दा, फोन कुणाच्या हातात आहे? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले होते, तुम्ही इंटरनेट कधी तरी वापरले आहे का? देशातल्या ३३.३ टक्के स्त्रियांनी हो म्हटले. पुरुषांत हे प्रमाण ५७.१ टक्के होते. ग्रामीण भागात स्त्रिया २४.६ टक्के आणि पुरुष ४८.७ टक्के. त्यानंतर फोन वाढले, स्वस्त डेटा खेड्यापाड्यांत पोचला, हे खरे. पण घरात फोन येणे आणि बाईच्या हातात फोन येणे या दोन गोष्टी आहेत. स्वयंपाक, धुणी, शेण, पाणी उरकून रात्री तो तिच्या हातात येतो तेव्हा त्यावर खाते नवऱ्याचे असते नाही तर पोराचे. तिने काही विचारलेच तर ते त्यांच्या नावावर जमा होते. आणि सकाळी पोरगा ते वाचतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. अंबड तालुक्यात अंकुशनगरला साखर कारखाना आहे. गाळप सुरू झाले की टोळ्या उतरतात, कोप्या उभ्या राहतात. तिथल्या बायांशी बोलताना मला एक वाक्य सारखे ऐकू येते, ‘ताई, तुमच्या फोनवर बघा की. माझ्यात पोरगं बघतंय काय काय इचारलं ते.’ असा माझा फोन अनेक जणींचा फोन झाला आहे. डिसेंबर २०२५ मधल्या एका आठवड्यात त्यावर बायांसाठी काय काय शोधले, ते मी नावे गाळून वहीत उतरवले. ती यादी अशी :

पिशवी काढल्यावर किती महिन्यांनी मोळी उचलावी? पाळी पुढे ढकलायची गोळी सारखी घेतली तर काय होते? दोन महिने वर गेलेत, पोट पाडणे गुन्हा आहे का? मुलीची जन्मतारीख आधारवर बापाने बदलली तर कळते का? लेकरे गावाकडे वसतिगृहात ठेवायला कुठले कागद लागतात? नवऱ्याचा ओटीपी मिळत नसेल तर लाडक्या बहिणीची केवायसी कशी करायची?

यातला एकही प्रश्न कुठल्याही आठवड्याच्या पहिल्या दहांत सापडणार नाही. पण एकेका प्रश्नामागे काय उभे आहे ते पाहा. गोळीचा प्रश्न पाळीचा नाही, खाड्याचा आहे. एक दिवस फडात गेले नाही की मुकादम उचलीतून पैसे कापतो. कोयता नवरा-बायकोचा जोडीने मोजला जातो, म्हणून बाईचे दुखणे हा जोडीचा तोटा ठरतो. पिशवीचा प्रश्नही असाच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गर्भाशये काढली जात असल्याचे २०१९ मध्ये गाजले, तेव्हा शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. तेवढे दिवस देशभर चर्चा झाली. मग उसळी ओसरली. मोळी मात्र आजही डोक्यावरच आहे.

आणि गर्भपाताचा प्रश्न? आपल्याकडे १९७१ पासून कायदा आहे. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतावर गर्भपात करता येतो. बाई १८ वर्षांवरची असेल तर तिची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. ५० वर्षांहून जुन्या कायद्याची ही माहिती एका बाईला परक्या फोनवर, कुजबुजत विचारावी लागते. लोकांच्या मनात काय आहे हे कळायला यादी कशाला हवी? ही कुजबुज ऐकली तरी पुरे.

आता ओटीपीचे घ्या. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जून २०२४ मध्ये जाहीर झाली. महिना १,५०० रुपये. त्या जुलैत सेतू केंद्रांपुढे आणि अंगणवाड्यांपुढे बायांच्या रांगा लागल्या होत्या. अर्ज कसा भरायचा, ॲप कुठले, कागद कुठले, हेच जिकडेतिकडे विचारले जात होते. माझी मैत्रीण म्हणेल, बघ, बायांचा प्रश्न आला की नाही वर! आला. पण तो सरकारने विचारायला लावलेला प्रश्न होता. बाईला विचारायचा होता तो प्रश्न वर्षभराने आला. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि तिच्यासाठी बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्यांच्या फोनवर येणारा ओटीपी मागितला गेला. योजनेच्या पात्रतेत ‘परित्यक्ता’ हा शब्द स्वच्छ लिहिलेला आहे. जिला नवऱ्याने टाकले, तिने त्याच नवऱ्याला फोन करून आकडे मागायचे! ओरड झाल्यावर नोव्हेंबरात मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. विधवा आणि घटस्फोटित बायांना मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा कागद देण्याची सोय झाली. पण टाकलेल्या बाईकडे यातला कुठला कागद असतो? नवरा मेलेला नाही, घटस्फोट झालेला नाही. तिच्याकडे फक्त तिचे तोंड आहे, आणि तोंडी सांगितलेले संगणक घेत नाही.

आता उलट बाजू. बाई जेव्हा या यादीत वर चढते तेव्हा ती कशी चढते? ऑगस्ट २०१६ मध्ये पी. व्ही. सिंधूने रिओला रौप्यपदक मिळवले, आणि देशातल्या अनेकांनी तिची जात शोधली. आंध्र आणि तेलंगण त्यात पुढे होते. आपण महाराष्ट्राच्या म्हणून हसायचे कारण नाही, इथेही आडनाव ऐकताच पुढचा प्रश्न ठरलेला असतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका पशुवैद्यक तरुणीवर बलात्कार करून तिला ठार मारले, जाळले. त्यानंतरच्या दिवसांत तिचे नाव अश्लील चित्रफितींच्या संकेतस्थळांवर भराभर शोधले गेल्याच्या बातम्या आल्या. शोधणारे कोण होते? आपल्याच भाषा बोलणारे, मेणबत्ती मोर्चाचे फोटो पुढे पाठवणारेही त्यांत असतील. विनेश फोगाट २०२३ मध्ये लैंगिक छळाविरुद्ध जंतरमंतरवर बसली होती, २८ मे रोजी पोलिसांनी तिला रस्त्यावरून फरफटत नेले. त्या वर्षीच्या भारताच्या यादीत व्यक्तींमध्ये पहिला क्रमांक तिचा नव्हता. तो आला २०२४ मध्ये, पॅरिसला शंभर ग्रॅम वजन जास्त भरल्याने ती अपात्र ठरली तेव्हा. तिच्या लढ्यापेक्षा तिचे वजन लोकांना जास्त शोधावेसे वाटले.

म्हणून यादी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. समाज बाईकडे कसा पाहतो हे समजायला ती जरूर वाचावी. पण बाईला काय हवे आहे हे समजायला ती वाचणे म्हणजे सासरच्यांना विचारून सुनेचा जबाब लिहिण्यासारखे आहे.

‘लोक ऐकतील’ हा मैत्रिणीचा मुद्दा उरतो. तो खोटा नाही. पण आपली चळवळ लोक आधीच ऐकत होते त्या विषयांवर उभी राहिली का? १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले. तेव्हा देश तिच्याबद्दल विचारत नव्हता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. १९८० मध्ये बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. प्रश्न पहिल्या दहांत नव्हता, तो आपण तिथे नेला. चळवळीचे काम हेच आहे.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गटाने एक वही घालावी. आठवड्यात बायांनी जे जे विचारले ते त्यांच्याच शब्दांत, नाव-गाव न लिहिता उतरवावे. कोपीवर, बचत गटात, दवाखान्याच्या रांगेत, एसटीत, जिथे विचारले तिथे. तीन महिन्यांनी या वह्या एकत्र याव्यात आणि या अंकात त्यांना पाने मिळावीत. आमच्या वहीवरून पहिली मागणी आत्ताच ठरली आहे : परित्यक्तेला स्वतःच्या लेखी निवेदनावर योजना मिळाली पाहिजे, कुठल्याही पुरुषाच्या ओटीपीवाचून.

आणि पुढच्या बैठकीत विषय ठरवताना यादी जरूर टेबलावर ठेवू. शेजारी वहीही ठेवू. मग कुठल्या कागदावरून मोहीम ठरवायची, त्यावर हात वर करून मत घेऊ. माझा हात कुठे असेल ते तुम्हाला माहीत आहे.