शेवटच्या पाच मिनिटांत माल घालवू नका



मागच्या ऑगस्टमध्ये पुतण्याकडे अमेरिकेत, याकिमा खोऱ्यात जाऊन आलो. तिकडचे बहुतेक हॉप्स इथंच पिकतात. उंच खांब, तारा आणि त्यावर चढलेले वेल बघून आपली द्राक्षबागच आठवली.

पुतण्या घरी बिअर करतो. तिथं 1978 च्या कायद्यानं घरापुरती करायला मुभा आहे, विकता येत नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय हा गुन्हा आहे, तेव्हा कुणी नादी लागू नका. मला सांगायचंय ते वेगळंच.

त्याची केगमधली बिअर एक नंबर. पण स्पर्धेला बाटल्या द्याव्या लागतात. पहिल्या वेळी गड्यानं नळाखाली उघडी बाटली धरली. फेस उतू गेला, बाटली अर्धीच भरली, तसंच झाकण दाबलं. परीक्षकांनी लिहून दिलं, 'ओल्या पुठ्ठ्याची चव, हॉप्सचा वास गेलेला.' बाटलीत राहिलेल्या हवेनं घात केला होता.

दुसऱ्या वेळी मी शेजारी उभा होतो. केग आणि धुऊन निर्जंतुक केलेल्या तपकिरी बाटल्या आदल्या रात्रीच थंड केल्या. दाब 12 पीएसआयवरून 3 वर आणला. बाटलीत आधी कार्बन डायऑक्साइड सोडला, मग नळी तळापर्यंत घालून सावकाश भरलं. फेस तोंडाशी आला की फेसावरच झाकण! आणि लगेच फ्रीजमध्ये. नंबर आला नाही, पण पुठ्ठ्याची तक्रार गेली.

माझं मत सांगतो. दोन दिवसांत मित्रांनी प्यायची असेल, तर साधी नळी पुरते, महागडं यंत्र नको. पण माल लांब जाणार असेल, तर शेवटच्या टप्प्यावर काटकसर करू नये.

मी स्वतः ही चूक केलीय. वर्षभर बाग जपली आणि तोडणीच्या दिवशी क्रेट दोन तास उन्हात राहिले. प्रीकूलिंगला उशीर झाला, देठ तपकिरी पडले, भाव पडला. दोष व्यापाऱ्याला दिला, पण चूक माझीच होती.

परीक्षक केगपाशी येत नाही आणि गिऱ्हाईक बागेत येत नाही. त्याच्या हातात बाटली पडते, पेटी पडते. आपली सगळी मेहनत तो तेवढ्यावरच जोखतो.

यंदा तोडणीआधी क्रेटसाठी सावली करा. खर्च थोडा आहे, नुकसान मोठं आहे.