सातपुड्यातल्या शेतमालावरचे संशोधन सातपुड्यातच व्हावे, यासाठी निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
नंदुरबार

विषय : अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील आमचूर, मोहफूल, भगर व गावरान बियाणे यांवरील संशोधन आणि प्रक्रियेबाबत

महोदय,

आम्ही खाली सह्या-अंगठे करणारे, धडगाव आणि मोलगी परिसरातील पाड्यांवरचे शेतकरी, वनहक्कधारक व बचत गटांच्या महिला, आपणांस हे निवेदन सादर करतो. रस्ता, वीज, दवाखाना यांबद्दल आमची निवेदने आपल्या दप्तरी आहेतच. आजची मागणी वेगळी आहे. आमच्या मालावर संशोधन करून द्या आणि ते इथे, आमच्यासमोर करा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आमचुरापासून सुरुवात करतो. होळीला गुजरातच्या ऊसतोडीवरून परतलेल्या घरात पेरणीआधी जो रोख पैसा येतो, त्यात मोठा वाटा आमचुराचा असतो. पुरुष उंच झाडांवरून कैऱ्या उतरवतात. बायका दिवसभर बसून त्या सोलतात आणि फोडी करून खडकावर, छपरावर, जागा मिळेल तिथे पसरतात. व्यापारी ढिगातून मूठभर उचलतो, एक फोड मोडून पाहतो आणि रंगावर भाव सांगतो. पांढरी फोड असेल तर बरा भाव, काळी पडली तर तो म्हणेल तो. वळवाची एक सर आली की पांढऱ्याचे काळे व्हायला एक रात्र पुरते. त्यातच अनेकांनी आधी उचल घेतलेली असते, मग घासाघीस करायला तोंड उरत नाही.

यातले प्रश्न सोपे आहेत, पण त्यांची उत्तरे आम्हाला कोणी करून दाखवलेली नाहीत. लोखंडी सुरीने फोड काळवंडते हे आम्हाला दिसते. मग स्टीलच्या पात्याने रंग किती टिकतो? सोलल्यावर फोडी मिठाच्या पाण्यात टाकल्या तर चवीत आणि वजनात काय फरक पडतो? वाळवणयंत्र कोणते घ्यावे, जे वीज नसलेल्या पाड्यावर चालेल आणि गटाला परवडेल? पोत्यात भरताना ओल किती असावी, म्हणजे पावसाळाभर माल राखून नंतर विकता येईल? धडगाव आणि मोलगी येथे येत्या हंगामात असे प्रयोग सुरू करावेत. त्यात काम करणाऱ्या महिलांना त्या दिवसांची मजुरी द्यावी. प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला पगार मिळतो, आमच्या बायकांनी मात्र ‘लोकसहभाग’ म्हणून फुकट राबायचे, हे आता पुरे.

मोहफुलांचे दुखणे थोडे निराळे. २०२० साली केंद्राने वाळलेल्या मोहफुलांची आधारभूत किंमत किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये केली. किंमत कागदावर आली तरी वेचणीच्या दिवसांत पाड्याजवळ खरेदी नसेल तर तिचा उपयोग नाही. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून वणवा लागतो, हे आम्ही लपवत नाही. झाडाखाली जाळी बांधून फुले झेलली तर पाला जाळावा लागणार नाही आणि फुलांना मातीही लागणार नाही. आमच्या सामूहिक वनहक्काच्या जंगलात हा प्रयोग ग्रामसभेमार्फत करावा आणि जाळ्या पुरवाव्यात. मोहाचे लाडू, सरबत यांच्या प्रशिक्षणाची शिबिरे आता आवरती घ्यावीत. कोरडे गोदाम आधी द्यावे.

मोलगीची भगर सर्वांच्या ओळखीची आहे. तिचे टरफल काढणारे, कणी कमी पाडणारे लहान यंत्र आणि ते दुरुस्त करणारा माणूस, दोन्ही जवळ असावेत. यंत्र येते, पट्टा तुटतो आणि ते पंचायतीच्या खोलीत पडून राहते.

बियाण्याबद्दल मात्र सविस्तर सांगणे भाग आहे. मका, ज्वारी आणि बर्टी, मोर या भरडधान्यांचे गावरान वाण आमच्या घरांतील कणग्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या टिकले. एप्रिल २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाराष्ट्र जनुक कोष’ प्रकल्पाला १७२.३९ कोटी रुपयांची मंजुरी दिली, त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण नमुने नेणाऱ्या पथकांचा आमचा अनुभव चांगला नाही. मुठी भरून दाणे जातात, फॉर्म भरले जातात, फोटो निघतात. पुढे त्या वाणाचे काय झाले ते कळत नाही. वनहक्क कायदा २००६, कलम ३(१)(के) नुसार जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क आहे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१, कलम ३९ गावरान वाण जपणाऱ्या शेतकऱ्याला मान्यता व बक्षिसाचा हक्क देते. म्हणून ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय कोणीही बियाणे किंवा माहिती नेऊ नये, अशी सूचना आपण सर्व विद्यापीठे, महाविद्यालये व संस्थांना द्यावी. अहवाल तयार झाल्यावर त्यांनी पाड्यावर येऊन तो पावरी-भिलोरीत वाचून दाखवावा. नेलेल्या वाणाचा नमुना गावाच्या बीजकोषात परत यावा. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे. डोंगरातल्या कोणत्या वाणाला आणि मालाला ते मिळू शकेल, याची तपासणीही व्हावी.

जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्र आहे, कृषी महाविद्यालय आहे, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कार्यक्षेत्रही इथपर्यंत आहे. त्यांच्या कामाला आम्ही नावे ठेवत नाही. पण उताराची, मुरमाड, पावसावरची जमीन सपाटीवरच्या प्रक्षेत्रात सापडत नाही. त्यामुळे धडगावला कायमस्वरूपी संशोधन उपकेंद्र व्हावे, यासाठी आपण विद्यापीठाकडे व शासनाकडे शिफारस करावी. कृषी विज्ञान केंद्राच्या वैज्ञानिक सल्लागार समितीवर डोंगरातल्या किमान दोन आमचूर करणाऱ्या महिला घ्याव्यात, असेही आपण सुचवावे. खर्च जिल्हा वार्षिक योजनेच्या आदिवासी घटकातून व्हावा. पेसा गावांना मिळणारा पाच टक्के निधी ग्रामसभेचा आहे, त्याला हात लावू नये.

धडगावकडे येणारा चांदसैली घाट पावसात दरड कोसळून बंद पडतो. म्हणून कैऱ्या उतरण्याआधी आपण संबंधित अधिकारी व शास्त्रज्ञांसह धडगाव येथे बैठक घ्यावी आणि कोणते काम कोणाकडे व कधीपर्यंत, हे इतिवृत्तात लिहून त्याची प्रत ग्रामसभांना द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील शेतकरी, वनहक्कधारक व बचत गटांच्या महिला
(सह्या व अंगठ्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
मा. प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, तळोदा
मा. कुलगुरू, महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी