रोमचे पीठ आणि वेगळी झालेली भावंडे

आज व्यासपौर्णिमा. गुरू, गादी, परंपरा हे शब्द आज घरोघरी उच्चारले जातील. त्या निमित्ताने परधर्मातील एका पीठाविषयी चार शब्द लिहीत आहे. सुज्ञ वाचकांनी ते गोड मानून घ्यावेत.

सन २०२५ च्या ईस्टरनंतर दुसऱ्याच दिवशी पोप फ्रान्सिस निवर्तले. ७ मे रोजी रोममध्ये सिस्टीन चॅपेलची दारे बंद झाली आणि ८ मे रोजी धुराड्यातून पांढरा धूर निघाला. १३३ कार्डिनलांनी गुप्त मतदानाने, दोनतृतीयांश बहुमताच्या नियमानुसार, शिकागोत जन्मलेल्या रॉबर्ट प्रीव्होस्ट यांना निवडले. मतदारांत गोव्याचे कार्डिनल फिलिप नेरी फेर्रांवही होते. १२६८ साली व्हितेर्बो गावी अशीच एक निवड जवळजवळ तीन वर्षे रेंगाळली, तेव्हा त्रासलेल्या गावकऱ्यांनी निवडकर्त्यांना कोंडून घातले, त्यांचे अन्नही तोडले. (आमच्याकडे मठांच्या गादीचे तंटे कोर्टात वर्षानुवर्षे पडून असतात, त्यांना असे गावकरी लाभले नाहीत!)

पण ख्रिस्ताचीच उपासना करणारे प्रॉटेस्टंट या निवडीकडे कसे पाहतात, हे मला अधिक विचारणीय वाटते. गोवा-वसईकडील ख्रिस्ती बहुतांशी कॅथलिक. आपले रेव्हरंड ना. वा. टिळक प्रॉटेस्टंट. प्रॉटेस्टंटाच्या मते अंतिम प्रमाण बायबल, आणि ईश्वर व मनुष्य यांच्यामधला मध्यस्थ एकटा ख्रिस्त. रोमच्या गादीवर कोणीही बसो, त्याच्या उद्धाराशी त्याचा संबंध नाही. धर्मविषयक विशिष्ट निर्णयांत पोप प्रमादातीत असतो, हा १८७० सालचा सिद्धान्त तर त्याला मुळीच मान्य नाही.

आणि तरीही २०२५ ची निवड त्याला चटका लावणारी आहे. मार्टिन ल्यूथरने १५२० साली ज्यांचे आज्ञापत्र जाळले आणि ज्यांनी १५२१ साली त्याला बहिष्कृत केले, ते पोप दहावे लिओ. नव्या पोपांनी नाव घेतले चौदावे लिओ. ते श्रमिकांचा कैवार घेणाऱ्या तेराव्या लिओंच्या स्मरणार्थ, हे खरे. परंतु ते स्वतः ऑगस्टिनियन संघाचे, आणि ल्यूथरही त्याच संघाचा यती! बहिष्कार घालणाऱ्याचे नाव आणि बहिष्कृताचा संघ एकाच पुरुषाच्या ठायी आले.

प्रॉटेस्टंटाचा मूळ प्रश्न मात्र मला स्वतःला टोचतो. मी नारदाच्या गादीवर उभा राहतो, लोक बुक्का लावून पाया पडतात. भक्त आणि पांडुरंग यांच्यामध्ये उभा राहणारा मी कोण? येथे ल्यूथरचे म्हणणे मला नाकारता येत नाही. गादीने वाट दाखवावी, वाट अडवू नये. पण गादीच नको, हेही मला पटत नाही. पीठ सोडलेल्यांचे पुढे किती पंथ आणि उपपंथ झाले! सर्वांच्या वतीने बोलणारा एक आवाज त्यांच्यापाशी उरला नाही. आज्ञा न मानणारेही त्या धुराकडे डोळे लावून बसतात, ते मला वाटते याचसाठी.

२३ ऑक्टोबर २०२५ रोजी इंग्लंडच्या चर्चचे अधिपती राजे चार्ल्स यांनी त्याच सिस्टीन चॅपेलमध्ये पोप लिओंसह प्रार्थना केली. १५३४ साली आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडल्यानंतर इंग्लंडचा राजा आणि पोप यांची अशी जाहीर सहप्रार्थना प्रथमच झाली. प्रार्थना एकत्र झाली. प्रभुभोजनाची पंगत मात्र अद्याप वेगळीच आहे. त्या वेगळ्या पंगतीला हसण्याचा अधिकार निदान आम्हां पंढरीच्या वारकऱ्यांना नाही. विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषणास बसावे लागले होते, आणि तेव्हा त्यांना विरोध करणाऱ्यांत शास्त्र जाणणारेही होते.