मामांना हवी बारकी रायफल

बाईक घेताना मायलेज बघायचं, मोबाईल घेताना कॅमेरा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणूनच बहुधा कन्नडच्या मामांनी फोनवर हुकूम सोडला, "भाच्या, एक बारकी रायफल बघून दे. कशालाही चालंल अशी. डुकरं मका ठेवंनात." आम्ही शहागंजची माणसं, चपलेपासून अत्तरापर्यंत सगळं घासाघीस करून घेणारी. पण रायफल?

हा शौकाचा मामला नाही, बरं का. मामांचं शेत गौताळा अभयारण्याच्या बाजूला. रात्रीत कळप शिरला की वर्षाचा पैसा आडवा.

मामांना हवी तशी वस्तू जगात आहे. अमेरिकेच्या जेफ कूपरने १९८०च्या दशकात 'स्काउट रायफल'चा फंडा मांडला. लांबी एक मीटरच्या आत, वजन तीन किलोच्या आसपास, दिवसभर खांद्यावर वागवता येईल आणि शिकारीपासून राखणीपर्यंत सगळ्याला चालेल. एकदम मस्त! फक्त तिचा बोअर ७.६२ मिलिमीटर, म्हणजे लष्करी. तो आपल्याकडे सामान्य माणसाला मिळत नाही. इंग्रजांच्या काळातही ३०३ बोअरवर बंदी होती, त्यातूनच नागरिकांसाठी ३१५ बोअर आला. इशापूरच्या सरकारी कारखान्याची बोल्टवाली ३१५ ही आपल्याकडची दणकट, ओळखीची रायफल.

मग तीच घ्यावी? माझं मत, नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ वाचा. पीकरक्षणासाठी कायद्याला पहिल्यांदा आठवते ती ठासणीची बंदूक. ती पुरणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. रायफलच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात, म्हणून ती या सवलतीत बसतच नाही.

आणि कायदा सोडा, अंधार बघा ना. ३१५ची गोळी चुकली तर किलोमीटरभर पुढे जाऊ शकते, आणि पुढच्या वस्तीवर कुणीतरी खाट टाकून झोपलेलं असतं. बारा बोअरच्या मोठ्या छर्ऱ्यांचा भरवसा ३०-३५ मीटरपर्यंतच. मक्यात एवढं पुष्कळ झालं. एअरगनचं म्हणाल तर २०१६च्या नियमांप्रमाणे १७७ बोअर आणि २० जूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही. पण तिने डुक्कर मरत नाही, जखमी होतं. आणि जखमी डुकराच्या समोर उभं राहायची हौस कुणाला?

एक मात्र पक्कं. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार त्यासाठी वन खात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. ती नसेल तर पीक वाचेल आणि मामा आत जातील. नुकसानभरपाईही मिळते, म्हणून सकाळी आडवी ताटं उचलण्याआधी पंचनामा करून घ्यायचा.

तेव्हा माझी शिफारस बारा बोअरची, एकनळी. दुनळीत दुसरा बार हाताशी असतो खरा, पण वजन वाढतं, आणि मामांचा खांदा साठीचा आहे. बारकी म्हणून नळी कापून घ्यायचा विचारही नको. वीस इंचांपेक्षा आखूड नळी या परवान्यात चालत नाही. उरलेल्या पैशांत कुलपाचं लोखंडी कपाट. काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली नातवंडांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी.