धर्मपीठ मुकें झालें म्हणजे

जुलमी राजा आणि धर्मगुरु यांचा सोयरसंबंध जुना आहे. त्याचा हिशेब मात्र शेवटीं रयतेला चुकवावा लागतो. जर्मनीचा ताळेबंद या दृष्टीनें आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनीं एकदां नीट वाचावा, असें आम्हांस वाटतें.

१९३३ च्या जानेवारींत हिटलर तेथें सत्तेवर आला. त्या देशांत शंभरांत नव्वदांहून अधिक माणसें ख्रिस्ती. कांहीं प्रॉटेस्टंट, कांहीं रोमन कॅथॉलिक. एवढा समाज ज्यांच्या शब्दांत, त्या धर्माधिकाऱ्यांनीं काय केलें ? त्याच सालीं २० जुलै रोजीं पोपच्या दरबारानें हिटलरच्या सरकारशीं करार केला. कॅथॉलिक शाळा, मठ व उपासना यांना धक्का लावणार नाहीं, असें सरकारनें लिहून दिलें. पाद्री राजकीय पक्षांत पडणार नाहींत, असें धर्मपीठानें लिहून दिलें. सरकारनें शब्द लवकरच मोडला. १९३७ सालीं पोपनें पत्र काढून निषेध केला, पण मधलीं चार वर्षें हातचीं गेलीं होतीं. प्रॉटेस्टंटांत तर ‘जर्मन ख्रिस्ती’ नांवाचा पक्षच निघाला व त्यानें हिटलरच्या मर्जींतला माणूस मुख्य बिशप करून बसविला.

याहून वाईट गोष्ट देवळाच्या दप्तरांत घडली. बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या पाद्र्यांकडे असत. आपल्याकडे तीर्थाच्या ठिकाणीं उपाध्याच्या वहींत पिढ्या सांपडतात, तशाच त्या. आजी-आजोबांत कोणी यहुदी नाहीं असा पुरावा दिल्यावांचून सरकारी नोकरी नाहीं, असा कायदा १९३३ सालीं झाला. आणि गांवोगांवच्या पाद्र्यांनीं त्या वह्या उघडून दाखले लिहून दिले. ज्यांचे दाखले निघाले नाहींत, त्यांची भाकरी गेली. पुढें घर गेलें. कित्येकांचा जीवही गेला.

कोणी म्हणेल, सत्तेपुढें शहाणपण चालत नाहीं. ही म्हण तेथील शेतकऱ्यांनींच खोटी ठरविली. १९३६ च्या नोव्हेंबरांत ओल्डेनबुर्ग प्रांतांत शाळांतील क्रूस काढण्याचा हुकूम सुटला. क्लोप्पेनबुर्गच्या आसपासचे कॅथॉलिक शेतकरी खवळले, हजारोंनीं जमले, आणि तीन आठवड्यांत नाझी प्रांतप्रमुखानें भर सभेंत हुकूम मागें घेतला. पुढें १९४१ च्या ऑगस्टांत म्युन्स्टरचे बिशप गालेन यांनीं, वेड्या व अपंग माणसांना सरकार गुपचूप मारीत आहे, हें प्रवचनांत उघड सांगितलें. त्यांनीं एका शेतकऱ्याचा दाखला दिला : वय सुमारें पंचावन्न, मुलगा लढाईवर, आणि इस्पितळांतल्या बापाचें नांव मरणाच्या यादींत. माणूस म्हणजे काय लंगडा घोडा किंवा आटलेली गाय, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. त्या प्रवचनाच्या नकला हातोहात फिरल्या. त्याच महिन्यांत हिटलरनें तें काम थांबविण्याचा हुकूम दिला. तोंवर सत्तर हजारांवर माणसें मारलीं गेलीं होतीं, व पुढेंही चोरून मारणें चाललेंच. पण गालेन यांना हात लावण्याची सरकारची छाती झाली नाहीं, कारण त्यांच्या मागें लोक होते.

मग आमचा सवाल असा : क्रूसासाठीं उठलेले हात शेजाऱ्यासाठीं कां उठले नाहींत ? १९३८ च्या नोव्हेंबरांत यहुद्यांचीं शेंकडों प्रार्थनामंदिरें जाळलीं गेलीं. आपल्या कोंकणांतील शनवार तेली ज्या धर्माचे, त्याच धर्माचे हे लोक. दोन्ही धर्मपीठांचे बहुतेक वरिष्ठ गप्प बसले. बर्लिनचे पाद्री लिख्टेनबेर्ग मात्र यहुद्यांसाठीं उघड प्रार्थना करीत. त्यांना १९४१ सालीं पकडलें, आणि १९४३ सालीं डाखाउच्या छावणीकडे नेत असतां वाटेंतच ते वारले. असे थोडे निघाले. १९४५ सालीं प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांनीं स्टुटगार्टला जमून आपला दोष कबूल केला. पण तोंवर युरोपांतील सुमारें साठ लाख यहुदी मारले गेले होते.

वाचकहो, आपल्या देवळाचीं कौलें शाबूत राहिलीं, एवढ्यावरून धर्म वांचला असें होत नाहीं. कोणत्याही धर्माचा अधिकारी राजाशीं आपल्या उत्पन्नाचा करार करूं लागला, कीं तो आपल्या तोंडाची किंमत घेत आहे असें समजावें, आणि आपला विवेक त्याच्या स्वाधीन करूं नये. एका गंजीला आग लागली कीं सारा गांव घागरी घेऊन धांवतो; कारण पुढची गंजी कोणाची, हें आग विचारीत नाहीं. आमच्या कुणब्याला जें ठाऊक आहे, तें जर्मनीच्या धर्माधिकाऱ्यांना कळावयास बारा वर्षें लागलीं.