मान आणि मुजरा

आमचे वरवट बकाल बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, तर सिंदखेड राजा दक्षिणेला. तिथला लखुजीराजे जाधवांचा वाडा जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून सर्वांना ठाऊक आहे. लखुजीराजांचा अंत मात्र सहसा आठवत नाही. १६२९ मध्ये ते दौलताबादेस निजामशहाच्या दरबारी मुजऱ्याला गेले आणि पुत्रांसह तिथेच मारले गेले.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईने रक्त न सांडता तेच साधले. १६८२ मध्ये त्याने दरबार व्हर्सायच्या राजवाड्यात नेला. बडे सरदार तिथे राजा कधी उठतो याची वाट पाहू लागले. राजा निजताना मेणबत्ती धरायला मिळणे हा बहुमान ठरला! पुढे १७८९ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या बायका पाव मागत तिथे धडकल्या आणि सोळाव्या लुईला राजवाडा सोडावा लागला.

दरबार मान देतो, तो मान झुकवून घेण्यासाठीच. लखुजीराजांच्या नातवाने, शिवरायांनी, १६६६ मध्ये आग्र्याच्या दरबारात ती झुकवली नाही.

राजे गेले, दरबार उरले. साहेबांच्या दाराशी ताटकळणारी हुशार माणसे बँकेतही पुष्कळ पाहिली. मुलांना सिंदखेडला न्याल तेव्हा वाड्याबरोबर लखुजीराजांची समाधीही दाखवा.