उसन्या अवयवांचे सौंदर्य

आमोस टुटुओला या नायजेरियन लेखकाची मातृभाषा योरुबा. शालेय शिक्षण जेमतेम सहा वर्षांचे. नोकरी लागोसमधील एका सरकारी खात्यात निरोप्याची. १९५२ साली लंडनच्या फेबर अँड फेबरने त्याची 'द पाम-वाइन ड्रिंकार्ड' ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध केली. डिलन टॉमससारख्या कवीने तिचे स्वागत केले. पण पाश्चात्त्य कौतुकाचा बराच भाग त्या 'रांगड्या' इंग्रजीवरच खिळून राहिला. मायदेशातील अनेक सुशिक्षितांना नेमकी त्याच इंग्रजीची लाज वाटली. एका पक्षाने चुका मिरवल्या, दुसऱ्याने मोजल्या. पुस्तक म्हणते काय, हे विचारण्याची गरज दोघांनाही फारशी भासली नाही.

तो प्रश्न चिनुआ अचेबे यांनी १९७७ साली इबादान येथील व्याख्यानात विचारला. कष्ट सोडून केवळ चैनीत बुडालेल्या माणसाचे काय होते, याची ही नीतिकथा आहे, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे विचार पहिल्यापासून तिथे होताच. वाचणाऱ्यांची नजर क्रियापदांवर अडली होती.

आपल्या वर्गांत याहून निराळे काय घडते? मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजीत स्वतःचे काही मांडू पाहतो आणि त्याची वही तांबड्या शाईने माखून परत येते. शेजारच्याने गाइडमधील निर्दोष उतारा उतरवलेला असतो. त्याला गुण मिळतात. व्याकरण नको, असे माझे म्हणणे नाही. काळ चुकल्याने अर्थ उलटत असेल, तर ती विचाराचीच चूक होय. ती दाखवलीच पाहिजे. पण एखादे उपपद गळले म्हणून मुद्दाच न वाचणे, ही शिक्षकाची चूक आहे. आणि 'चुकांतच अस्सलपणा आहे' म्हणून पाठ थोपटणे हीसुद्धा न वाचण्याचीच दुसरी तऱ्हा!

टुटुओलाच्या त्याच कादंबरीत एक देखणा सद्गृहस्थ आहे. त्याच्यावर भाळून एक तरुणी मागोमाग जाते. वाटेत तो भाड्याने आणलेले अवयव ज्याचे त्याला परत करत जातो. शेवटी उरते ती नुसती कवटी. आपण ज्या निर्दोष निबंधांना पैकीच्या पैकी गुण देतो, त्यांचे उसने अवयव एकदा काढून पाहावेत.